पंगतीपुरता गुडघा

आमच्या वऱ्हाडात माणूस आधी बसतो, मग बोलतो. कुणाच्या घरी गेलं की "बसा" हा पहिला शब्द, आणि बसायचं म्हणजे खाली. सतरंजीवर, घोंगडीवर, नाहीतर नुसत्या सारवलेल्या भुईवर. जेवण खाली, पत्ते खाली, लग्नाची बोलणी खाली, मयताला गेलं तरी खालीच. त्या काळी खुर्ची असायची ती कचेरीत, नाहीतर न्हाव्याच्या दुकानात. अशा मुलखात ज्याचा एक गुडघा वाकत नाही त्यानं काय करावं? मी उभा राहायचो. लोक म्हणायचे, अहो बसा की. मी म्हणायचो, असाच बरा आहे. मग त्यांनाही पुढचं सुचायचं नाही आणि मलाही. उभ्या माणसाशी कुणी मनातलं बोलत नाही. तो केव्हाही निघेल असंच सगळ्यांना वाटत असतं, आणि तो निघतोही.

गुडघा गेला तो बडनेऱ्याला. मॅट्रिक झाल्यावर तिथल्या एका कापसाच्या प्रेसमध्ये गाठींवर मार्का मारायच्या कामाला होतो. पत्र्यात कोरलेली अक्षरं, काळी शाई आणि ब्रश, एवढंच सामान. लोखंडी पट्ट्यांनी आवळलेल्या रुईच्या गाठी थप्पीनं रचलेल्या असत आणि मी खाली उकिडवा बसून त्यांच्या तोंडाला काळं फासत पुढं सरकायचो. एका दुपारी वरची गाठ घसरली. मी बाजूला झालो, डावा पाय झाला नाही. मुकादम धावत आला आणि त्यानं आधी गाठ फुटली का ते पाहिलं. गाठीला काही झालं नव्हतं.

नांदगाव खंडेश्वराकडचा एक हाड बसवणारा आणला. त्यानं आंबेहळद आणि रक्त्याबोळाचा लेप थापला, बांबूच्या कामट्या बांधल्या आणि माझ्या बापाला सांगितलं की पोरगा पुन्हा धावेल. त्याचं खोटं ठरलं नाही. मी धावलो, सायकल चालवली, सरकारी नोकरी लागून अकोल्याला आलो, कारकून झालो. गुडघ्याच्या आत काय बिघडून राहिलं होतं ते त्याच्या बोटांना कळलं नाही, आणि त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. तेव्हा ते कुणालाच कळत नव्हतं. तिशी उलटली तसा गुडघा बोलायला लागला. जिना चढताना करकर, थंडीत सूज, बसून उठताना कळ. पुढं पुढं तर तो अर्धाच वाकायचा, आणि मग माझं ऐकायचाच नाही.

आता मी कोण ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजणार नाही. माझा जन्म गावाबाहेरच्या वस्तीतला. शाळेत आम्हा मुलांचं गोणपाट वर्गाच्या दाराबाहेर असे, आणि ते घरून न्यायचं नि घरी आणायचं. गावात लग्न असलं की आम्ही जेवायचो सगळ्यांच्या शेवटी, मांडवाबाहेर, आपापली ताटं घेऊन. माझा बाप तिथं कधी जेवला नाही. लाकडं फोडून द्यायचा, पाणी भरून द्यायचा, आणि जेवायच्या वेळेला पोट दुखतं म्हणून घरी निघून यायचा. त्याच्या पोटदुखीवर सगळं गाव हसायचं. मलाही तेव्हा वाटायचं, किती नाजूक पोट याचं.

छप्पन्न साली आम्ही बौद्ध झालो. बाप तोवर पार खंगला होता. माझ्या नोकरीचं त्याला भारी कौतुक. भेटेल त्याला सांगायचा, "माहा पोरगा खुर्चीवर बसते." आणि एक दिवस मला जवळ बोलावून म्हणाला, "आता कोनाच्याई घरी जेवाले गेला तं पंगतीत बसजो. अलग बसवलं तं उठून येजो." मी हो म्हटलं. त्यानंतर तो फार जगला नाही. आणि पुढच्याच हिवाळ्यात माझ्या डाव्या गुडघ्यानं मांडी घालायचं सोडून दिलं. शाळेपासून ज्या पंगतीला मी बाहेरून पाहत आलो, ती खुली व्हायची वेळ आली आणि मलाच बसता येईना. याला काय म्हणावं? दैव वगैरे आम्ही मानत नाही, म्हणून शिवी द्यायलासुद्धा कुणी नव्हतं.

आमच्या स्वतःच्या लोकांतही तीच गत. अकोल्याच्या वस्तीतल्या एका खोलीत बुद्धाची मूर्ती ठेवलेली होती, रविवारी सगळे वंदनेला जमायचे. गुडघे टेकून, हात जोडून, बाया-माणसं सगळी एकदम वाकत. मी मागे भिंतीला टेकून उभा. एक म्हातारे गृहस्थ मला दर वेळी डोळ्यांनी विचारायचे, साहेब झाले म्हणून वाकत नाही काय? मी पाय दाखवायचो. त्यांना काही पटायचं नाही. हळूहळू मी रविवारी धुणं काढायला लागलो.

अकोल्यात मी एका खोलीत एकटा राहायचो. बायको पहिल्याच बाळंतपणात गेली, मूलही गेलं. पुन्हा लग्न कर म्हणून मोठी बहीण मागे लागली होती. ती अमरावतीला राहायची, तिच्या घरी मी सणावाराला जायचो. एरवी माझं मीच रांधायचो आणि खाटेवर बसून, ट्रंकेवर ताट ठेवून जेवायचो. समोर भिंत. भिंतीला एक खिळा होता, त्याला मी काही अडकवलं नव्हतं. जेवताना तो खिळा पाहून पाहून मला पाठ झाला होता.

ऑफिसात मात्र मी सुखी. तिथं टेबल, तिथं खुर्ची, तिथं सगळे एकाच उंचीवर. माझ्या शेजारच्या टेबलावर एक ब्राह्मण गृहस्थ होते. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे, पान खाणारे, हसताना खांदे हलवणारे. त्यांच्या डब्यातलं लोणचं ते माझ्या डब्याच्या झाकणात टाकायचे, वरून, पण टाकायचे. माझ्या डब्यातली भाकरी त्यांनी एकदा मागून खाल्ली होती आणि म्हणाले होते, "ज्वारी कुठली हो ही? आमच्याकडे असली येत नाही." त्या एका वाक्यावर मी आठवडाभर खूष होतो. एकट्या माणसाला खूष करणं फार सोपं असतं.

त्यांच्या नातवाचं बारसं झालं तेव्हा ऑफिसातल्या सगळ्यांना जेवायला बोलावलं, मलाही. मी इस्त्रीचे कपडे घालून गेलो. माजघरात पंगत मांडलेली, पाट, रांगोळी, केळीची पानं. आणि बाहेरच्या पडवीत, माजघराच्या दाराशी, एक खुर्ची आणि एक तिवई. तिवईवर पान. "तुमचा पाय आहे ना," ते म्हणाले, "म्हणून मुद्दाम सोय केली." मी बसलो. दारातून मला पंगत दिसत होती. माणसांची टाळकी दिसत होती आणि मधल्या मोकळ्या जागेतून वाढणारी पावलं. हसण्याचा आवाज यायचा, पण कशाला हसले ते कळायचं नाही. वाढणारी बाई पंगतीला दोनदा जायची तेव्हा माझ्याकडे एकदा यायची. दुसऱ्या पोळीवर मी हात धुतला.

उठून यायला हवं होतं का? बापानं सांगितलेलं कानात वाजत होतं. पण उठून जाऊ तरी कशावरून? त्यांनी खुर्ची माझ्या पायासाठी ठेवली होती. खाली बसताच येत नसेल तर त्या माणसानं करावं काय? की पायाचं निमित्त झालं, आणि त्यांचंही काम सोपं झालं? माझा पाय धड असता तर त्यांनी पाट मांडला असता की दुसरं काही कारण काढलं असतं? मी सायकल हातात धरून चालत घरी गेलो आणि वाटेत हाच हिशेब करत राहिलो. जमला नाही.

ऑफिसचा शिपाई आमच्यापैकीच होता. बारशाच्या दिवशी साहेबांचा निरोप घेऊन तो दारापर्यंत आला होता, तेव्हा त्यानं ती खुर्ची पाहिली होती. बातमी वस्तीत गेली, वस्तीतून गाडीत बसून अमरावतीला गेली. पुढच्या खेपेला बहिणीनं भाकरी थापता थापता विचारलं, "तुले अलग बसवलं म्हनते?"

"माह्या पायासाठी बसवलं, बाई."

"पाय तं आपल्या बापाच्या टाइमालेई होते सगळ्यायले," ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती. गुडघा बरा व्हावा असं नाही, धावावं असंही नाही. एकदा, फक्त एकदा, मला त्यांच्या दारात धडधाकट जाऊन उभं राहायचं होतं आणि पाहायचं होतं की ते मला कुठं बसवतात. खुर्ची गुडघ्याची होती की माझी, एवढं कळलं की पुरे.

अमरावतीला तेव्हा एक डॉक्टर मुंबईहून शिकून आले होते आणि गुडघ्यात सुई देतात असा बोलबाला झाला होता. लोक त्याबद्दल कुजबुजत बोलायचे. सुई दंडात द्यायची, फार तर कमरेत. सांध्यात सुई म्हणजे पाय कायमचा गेला, असं आमच्या घरमालकाचं मत. मी रजा टाकली आणि गाडी धरली. बडनेऱ्याला उतरून अमरावतीची गाडी पकडताना प्रेसची चिमणी दिसायची. मी नेहमी दुसऱ्या बाजूला पाहायचो, त्या दिवशी पाहिलं. धूर निघत होता. कुणीतरी माझ्या जागी उकिडवं बसलेलं असणार.

डॉक्टर वऱ्हाडातलेच, बोलायला रोखठोक. त्यांनी गुडघा दाबला, वाकवला, वाटी इकडे तिकडे सरकवली आणि कान देऊन करकर ऐकली. "मार लागला होता कधी?"

मी गाठीचं सांगितलं.

"मग बराबर आहे. मार तेव्हाचा, झीज आताची. आतलं अस्तर घासून गेलं." त्यांनी काचेची सिरिंज उकळत्या पाण्यातून काढली. "आधी पाणी काढतो. मग औषध सोडतो. हलायचं नाही."

आधी जाड सुई. ती आत गेली तेव्हा मला प्रेसची दुपार लख्ख आठवली. सिरिंजमध्ये पिवळं, एरंडेलासारखं दाट पाणी चढत गेलं. इतकं पाणी माझ्या गुडघ्यात कुठं मावलं होतं, मला कळेना. मग सुई तशीच आत ठेवून त्यांनी नळी बदलली. एक लहानशी बाटली हलवली, तिच्यातलं औषध दुधासारखं पांढरं होतं. हायड्रोकॉर्टिझोन, त्यांनी सांगितलं. मी तो शब्द घरी जाईपर्यंत मनात घोकत होतो, एखाद्या पाहुण्याचं नाव विसरू नये तसा.

"दोन दिवस जास्त दुखेल, घाबरायचं नाही," ते पट्टी बांधताना म्हणाले. "मग उतरेल. पण एक ध्यानात ठेवा. यानं गुडघा नवा होत नाही. झीज तशीच राहते. हे औषध फक्त त्याले गप्प करते."

"किती दिवस?"

"कोणाले महिना, कोणाले जास्त, कोणाले आठच दिवस. आणि सारखं सारखं द्यायचं नसते."

"मांडी घालता येईल?"

ते हसले. "घालता येईल. घालायची नाही. गप्प बसला म्हणून त्याच्याकडून काम घ्याल तर आतून आणखी खाऊन टाकाल. खुर्चीवर बसा, काठी घ्या, चालणं कमी करा."

मी मान हलवली. दर इंजेक्शनवाल्याला ते हेच सांगत असतील आणि तोही अशीच मान हलवत असेल. पण बाकीच्यांना आराम हवा होता. मला पंगत हवी होती, हे त्यांना मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सुई दिली नसती.

दोन दिवस गुडघ्यात निखारा ठेवल्यासारखं झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी अकोल्याच्या खोलीत जाग आली आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. थोड्या वेळानं कळलं की दुखत नाही. मी पाय वाकवला. वाकला. आणखी वाकवला. मग खाली उतरलो आणि भिंतीला धरून, श्वास रोखून, मांडी घातली.

किती वर्षांनी मी माझी खोली खालून पाहत होतो. खाटेखाली कांद्याची सालं, एक गुंडी, धुळीचं पुंजकं. खिडकीतून नुसतं आभाळ दिसत होतं, समोरच्या घराची कौलं नाहीत. भुई गार होती. मी ताट आणलं, पाण्याचा तांब्या डावीकडे ठेवला आणि कालची भाकरी वाढून घेतली. जेवायला लागलो आणि रडू आलं. आनंदाचं म्हणावं तर तसं नव्हतं. सांगायला कुणी नव्हतं, हेच होतं. बायको असती तर तिला हाक मारली असती, बघ म्हटलं असतं. ती बहुतेक म्हणाली असती की बसलाच आहात तर लसूण सोला.

मग मी रोज खाली बसून जेवू लागलो. डॉक्टरांनी नको म्हटलेलं नेमकं तेच. पंगतीत घोळ होऊ नये म्हणून तालीम चालली होती माझी, खिळ्यासमोर, एकट्याची.

बोलावणं आलं ते लवकरच. त्या गृहस्थांनी गावाच्या टोकाला लहानसं घर बांधलं होतं, त्याची वास्तुशांत. "पूजेला नका येऊ हवं तर," ते टेबलाशी वाकून म्हणाले, "जेवायला या." माझा धर्म त्यांनी आठवणीनं लक्षात ठेवला, हे मला आवडलं. इंजेक्शनचं मी बोललो नाही. ऑफिसात मी मुद्दाम लंगडतच होतो.

मी गेलो तेव्हा पहिली पंगत बसायची होती. नव्या चुन्याचा वास, दाराला आंब्याचं तोरण, घराच्या बाजूला विहीर. पुढच्या खोलीत पंगत मांडलेली. आणि खिडकीशी, पंगतीपासून चांगली हातभर लांब, तीच खुर्ची, तीच तिवई. तिवईवर पान मांडलेलं, पानाभोवती रांगोळीसुद्धा. रांगोळी पाहून माझा अर्धा राग गेला.

"या, तुमची जागा राखून ठेवली आहे," ते म्हणाले.

"आज मी खाली बसतो," मी म्हणालो. "पाय बरा आहे."

ते थांबले. खुर्चीकडे पाहिलं, माझ्या पायाकडे पाहिलं. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, तिथं त्यांची म्हातारी आई भिंतीला टेकून बसली होती. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं असेल. मला ते फार लांबलेलं आठवतं. मग ते म्हणाले, "छानच की. सरका हो जरा, एक पाट मांडू द्या."

माणसं सरकली. दोन्हीकडची सरकली. जागा करण्यासाठी सरकली की जागा सोडण्यासाठी, हे त्या सरकण्यावरून सांगता येत नव्हतं. मी पाटावर बसलो, डावा पाय आत, उजवा वर. पानावर मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, मग भात, वरण, तूप. श्लोक झाला. मी हात जोडले नाहीत, कुणी पाहिलंही नाही. उजवीकडे ऑफिसातले खजिनदार होते, ते भज्यांची चर्चा करत होते. डावीकडे यजमानांचे कुणी मेहुणे, त्यांनी मला विचारलं की अमरावतीकडे यंदा कापूस कसा आहे. मी सांगितलं. वाढणारी बाई सगळ्यांकडे जितक्या वेळा आली तितक्याच वेळा माझ्याकडे आली. जिलबीचा आग्रह झाला, मला आग्रह झाला. एवढंच. बाकी काही घडलं नाही. बाप असता तर विचारलं असतं, कसं वाटलं? मी सांगितलं असतं, कढी जरा आंबट होती. इतकं साधं होतं ते, आणि त्या साधेपणाचंच मला अप्रूप वाटत होतं.

आमच्याकडे पंगतीतून एकट्यानं उठत नाहीत. सगळ्यांचं झालं की वडीलधारा उठतो आणि मग सगळे एकदम. तसे उठले. मीही उठायला गेलो आणि गुडघा उठला नाही.

दुखत नव्हता. दुखला असता तर कळलं तरी असतं. तो नुसता अडकला होता, गंजलेल्या कडीसारखा. मी डाव्या हातानं पाय ओढला, हलला नाही. भिंत लांब होती. आधाराला काही नव्हतं. सगळे उभे होते, उजवे हात पुढे धरून, उष्टे. आचवल्याशिवाय कुणी कुणाला शिवत नाही, भाऊ भावालाही नाही. हे मला ठाऊक होतं. खजिनदार म्हणाले, "काय हो, येताय ना?" मी म्हणालो, "व्हा पुढे, आलोच." ते गेले. सगळे गेले, बाहेर विहिरीकडे, बोलत बोलत.

मी राहिलो. दोन्ही बाजूंना उष्टी पानं, उलटे झालेले द्रोण, एका पानावर अर्धी जिलबी. माश्या यायला लागल्या होत्या. दारात दोन बाया उष्टी काढायला येऊन थांबल्या, मला बसलेला पाहून आत गेल्या. पुढची पंगत ओसरीवर खोळंबली होती. बायकोला पोचवून आलो त्या दिवशी खोलीत शिरताना वाटलं नव्हतं इतकं एकटं मला त्या खोलीत वाटलं. मघाशी जो मी सगळ्यांच्या मध्ये बसलो होतो तो आता कुणाच्याच मध्ये नव्हतो. आणि पुन्हा तोच हिशेब. उष्ट्या हातांमुळे कुणी हात दिला नाही, की उष्टे हात बरे सापडले?

यजमान आले. ते वाढत होते, जेवले नव्हते. त्यांचे हात स्वच्छ होते. त्यांनी पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं. "अहो, सांगायचं नाही का," ते म्हणाले. खाली वाकून त्यांनी माझ्या काखेत दोन्ही हात घातले आणि मला उचललं. त्यांचा श्वास माझ्या कानाला लागला, त्याला पानाचा वास होता. गुडघा कट्कन सुटला. मला धरूनच त्यांनी विहिरीपर्यंत नेलं, माझ्या हातावर स्वतः पाणी घातलं आणि म्हणाले, "सावकाश जा. सायकल राहू द्या, उद्या पाठवतो."

मी निघालो. फाटकापर्यंत पोचलो तोच मागे विहिरीवर रहाट करकरला आणि बादली आपटल्याचा आवाज आला. मग पाणी ओतल्याचा.

वास्तुशांतीचं घर. पन्नास माणसं जेवायची होती. पाणी कुणालाही लागेल. पिण्याला, भांड्यांना, पुढच्या पंगतीला, नाहीतर मला शिवलेल्याच्या आंघोळीला. नुसती मान वळवली असती तर दिसलं असतं कोण ओढतं आहे आणि कशाला. ज्यासाठी मी गुडघ्यात सुई टोचून घेतली ते माझ्या पाठीमागे, दहा पावलांवर होतं. मी मान वळवली नाही. फाटक लावून घेतलं आणि रस्त्याला लागलो.

ते गृहस्थ पुढं माझ्याशी तसेच राहिले. लोणचं टाकत राहिले, खांदे हलवून हसत राहिले. औषध मात्र उतरलं. तालमीनं जरा लवकरच उतरलं असावं. गुडघा पुन्हा भरून आला तेव्हा मी अमरावतीला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दाबून पाहिलं, "मांडी घातली ना?" एवढंच विचारलं, आणि म्हणाले की थोडे महिने जाऊ द्या, मग आणखी एक देऊ. मी म्हटलं, बघू. त्यांच्याकडे परत गेलो नाही. दुखणं सोसवत होतं म्हणून नव्हे. दुखऱ्या गुडघ्याला खुर्ची दिली तर कुणाला काही विचारावं लागत नाही, म्हणून.

डॉक्टरांकडे गेलो त्या दिवशी मुक्काम बहिणीकडे होता. मेहुणे कामावर गेले होते, घरात आम्ही दोघंच. तिनं चूल पेटवली आणि विचारलं, "त्याच्या घरी जेवाले गेला होता म्हनते. बसवलं काय पंगतीत?"

"बसवलं. मधात बसवलं."

तिनं परातीत पीठ घेतलं. "मंग?"

"मंग उठता नाही आलं. पाय अटकला."

"कोनं उठवलं?"

"त्यानंच. घरच्या मालकानं. काखेत हात घालून."

ती पीठ मळत राहिली. मग वर न पाहता म्हणाली, "तुले उठवल्यावर त्यानं काय केलं?"

"माहीत नाही. पाणी ओढाचा आवाज आला. मी पाह्यलं नाही."

"काहून नाही पाह्यलं?"

"पाह्यलं असतं तं कळलं असतं, बाई."

तिनं मान हलवली, जशी बाप हलवायचा तशी. भाकरी झाल्या. तिनं शेजारच्या घरून माझ्यासाठी एक स्टूल मागून आणलं, एका पालथ्या डब्याचं टेबल केलं, त्यावर माझं ताट ठेवलं. स्वतःचं ताट तिनं चुलीपाशी भुईवर घेतलं. मग आम्ही जेवलो, ती खाली आणि मी वर.